मदतीवरून मिळकतीकडे: विदर्भातील गावांत नव्याने काम सुरू करणाऱ्या कार्यकर्त्यांसाठी

उमेद (राज्य ग्रामीण जीवनोन्नती) अभियानातील समुदाय संसाधन व्यक्ती, ग्रामसंघाच्या, म्हणजे गावातील बचत गटांच्या संघाच्या, पदाधिकारी, ग्रामरोजगार सेवक आणि स्वयंसेवी संस्थांत नुकतेच रुजू झालेले कार्यकर्ते यांच्यासाठी हा लेख आहे. रेशन, मानधन आणि हंगामी मजुरी यांवर चालणाऱ्या कुटुंबाला वर्षभराच्या खात्रीच्या उत्पन्नापर्यंत कसे न्यावे, याच्या पायऱ्या मी येथे ज्या क्रमाने कराव्या लागतात त्याच क्रमाने मांडतो.

एक गोष्ट आरंभीच स्पष्ट केली पाहिजे. नोकरी मिळवून देणे हा या कामाचा लहान भाग आहे. कुटुंब कोलमडते ते दोन ठिकाणी: रुजू झाल्यापासून पहिला पगार हाती येईपर्यंतच्या दिवसांत, आणि त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पावसाळ्यात, जेव्हा पेरणी, शाळा आणि आजारपण यांचे खर्च एकाच वेळी दारात उभे राहतात. ज्या कार्यकर्त्याने या दोन ठिकाणांची तयारी आधी केली, त्याने लावून दिलेले काम बहुधा टिकते, आणि ज्याने केली नाही, त्याच्या यादीतली नावे चार महिन्यांत पुन्हा वावरात दिसतात.

‘फुकटच्या धान्यामुळे मजूर मिळत नाहीत’ हे वाक्य आपल्याला पारावर, पंचायतीत आणि कधी कधी स्वतःच्या कार्यालयातही ऐकू येईल. ते मनातून काढून टाकूनच कामाला लागावे. कोरडवाहू कापूस, सोयाबीन आणि तुरीच्या पट्ट्यात शेतमजुराला काम मिळते ते हंगामात. फाल्गुन संपला की मृगापर्यंत गावात रोजी नसते. त्या तीन महिन्यांत घराची चूल ज्या धान्यावर पेटते, त्या धान्याला आळसाचे कारण म्हणणे अन्यायाचे आहे.

पहिली पायरी: घराचे वर्ष कागदावर मांडणे

पहिल्या भेटीत कोणताही अर्ज भरून घेऊ नये. बाई वावरातून परत आली आहे, पाणी भरून झाले आहे आणि स्वयंपाकाला अजून अवकाश आहे, अशा वेळी जावे, घरातल्या थोर बाईला काकू किंवा आजी म्हणून नमस्कार करावा आणि बसावे. दुसऱ्या भेटीत एक मोठा कागद न्यावा आणि त्यावर बारा रकाने आखावेत. वर्षाची सुरुवात जानेवारीपासून न करता मृगापासून करावी, कारण घराचा हिशेब तिथूनच सुरू होतो. प्रत्येक रकान्यात चार ओळी असाव्यात: मजुरी किंवा शेतीतून आलेला पैसा, सरकारी मदत, खर्च आणि कर्जाचा हप्ता.

हा कागद भरायला बसले की घर समोर उलगडते. जून-जुलैत डोबणी (हाताने बी टोचणे) आणि निंदण, ऑक्टोबरात सोयाबीनची सोंगणी, दिवाळीच्या आगेमागे सुरू होऊन माघापर्यंत चालणारी कापसाची वेचणी, मग तुरीची कापणी आणि त्यानंतर शुकशुकाट. यंत्राने सोयाबीन काढायला सुरुवात झाल्यापासून ऑक्टोबरची मजुरी अनेक गावांत आटली आहे, तेही या कागदावर दिसते. भंडारा, गोंदिया आणि गडचिरोलीच्या धानपट्ट्यात हाच कागद वेगळा दिसेल: रोवणी, कापणी, मग मोहफूल, तेंदूपत्ता आणि मिरची तोडण्यासाठी तेलंगणाची वाट. मेळघाटात कामासाठी बाहेर गेलेली कुटुंबे होळीला परततात आणि बरेचदा पुन्हा निघतात, म्हणून तिथे भेटीचे दिवसच त्याप्रमाणे ठरवावे लागतात.

खर्चाच्या ओळीत लग्नकार्य, पोळा, दिवाळी, शाळेची फी आणि दवाखाना लिहायला लोक कचरत नाहीत. दारू, सावकाराचे व्याज आणि माहेरी पाठवलेले पैसे मात्र पहिल्या फेरीत येत नाहीत. त्यासाठी घाई करू नये. घरातली बाई भिंतीवरच्या दिनदर्शिकेत दुधाच्या शेजारीच गटाच्या हप्त्याच्या तारखा बारीक अक्षरात लिहून ठेवते. ती दिनदर्शिका दाखवायला सांगितली, तर तोंडी विचारून जे कळले नसते ते पाच मिनिटांत कळते: कोणत्या वारी कर्ज देणाऱ्या कोणत्या कंपनीचा माणूस येतो, किती रक्कम जाते आणि कोणता हप्ता चुकला. कागद पूर्ण झाला की त्याची एक प्रत घरातच ठेवावी, कारण तो त्यांचा आहे आणि पुढच्या प्रत्येक निर्णयाला तोच लागणार आहे.

दुसरी पायरी: कोणती मदत कशाला बांधलेली आहे ते पाहणे

नोकरी लागली की सगळेच बंद होईल, ही भीती बहुतेक घरांत असते. ती अगदीच निराधार नाही, पण प्रत्यक्षाहून बरीच मोठी असते, आणि ती दूर करण्याचा एकच मार्ग म्हणजे एकेक योजना वेगळी काढून तिचा नियम घरातल्यांसमोर वाचणे.

रेशनपासून सुरुवात करावी. अंत्योदय कुटुंबाला महिन्याला ३५ किलो धान्य मिळते आणि प्राधान्य कुटुंबाला दर माणशी ५ किलो. जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत आहे. ग्रामीण भागात प्राधान्य कुटुंबासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ४४,००० रुपये आहे, म्हणजे पूर्ण वर्ष महिन्याचा पगार घेणारे कुटुंब ती ओलांडते. अमरावती विभागातील पाच जिल्हे आणि वर्धा येथील केशरी शिधापत्रिकाधारक शेतकरी कुटुंबांना मात्र धान्याऐवजी खात्यात रोख रक्कम देण्याची वेगळी योजना आहे, ती या हिशेबात मिसळू नये.

विधवा आणि निराधारांसाठीचे संजय गांधी निराधार अनुदान आणि वृद्धांसाठीची श्रावणबाळ योजना यांची मर्यादा सर्वांत कडक आहे: कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपये. महिन्याला हे १,७५० रुपये होतात. एवढ्या रकमेत आज कोणतेही घर चालत नाही, आणि ही मर्यादा वाढवण्याची मागणी ग्रामसभेच्या ठरावांतून सतत पुढे जात राहिली पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. तोवर घरातील विधवा सुनेला नोकरी लागली तर तिच्या अनुदानाबरोबर सासूच्या श्रावणबाळच्या मानधनावरही त्याचा परिणाम होऊ शकतो, हे आधीच मोजून ठेवावे. तहसील कार्यालयातील संजय गांधी शाखेत जाऊन त्या घराच्या प्रकरणात काय होईल ते समक्ष विचारून यावे. गावातल्या ऐकीव माहितीवर कुटुंबाला निर्णय घ्यायला लावू नये.

लाडकी बहीण योजनेची उत्पन्न मर्यादा अडीच लाख रुपये आहे. म्हणजे एखादी बाई औद्योगिक वसाहतीत महिन्याला १०,००० रुपयांवर रुजू झाली आणि नवरा शेतमजुरी करत राहिला, तरी केवळ उत्पन्नामुळे तिचे १,५०० रुपये बंद होत नाहीत. हे कळल्यावर कित्येक बायकांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरतो. ज्या महिलेला संजय गांधी योजनेतून १,५०० रुपये मिळतात, तिला लाडकी बहीणचा लाभ सोबत घेता येत नाही. पण ती उत्पन्नामुळे पहिल्या योजनेबाहेर पडली तर दुसरीच्या अटींत बसू शकते, म्हणून त्या वेळी नवी नोंदणी सुरू आहे का ते आधी तपासावे.

दवाखान्याची भीती सर्वांत खोल असते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा लाभ आता शिधापत्रिकेच्या रंगावर अवलंबून राहिलेला नाही आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे, हे घरातल्या प्रत्येकाला समजावून सांगावे. ज्या घरात वडील हयात नाहीत, तिथे मुलांसाठी बालसंगोपन योजनेतून दरमहा २,२५० रुपये मिळू शकतात. त्याची चौकशी जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात करावी. शेतकरी आत्महत्याग्रस्त कुटुंबांतल्या कितीतरी आयांपर्यंत ही माहिती पोहोचलेलीच नसते.

हे सारे आकड्यांत मांडून दाखवावे. समजा, देवळीजवळच्या गावात एक विधवा महिला, तिची दोन मुले आणि सासू असे प्राधान्य कुटुंब आहे. संजय गांधी अनुदानाचे वर्षाला १८,००० रुपये आणि २४० किलो धान्य, किलोला ३५ रुपये धरले तर ८,४०० रुपये, मिळून २६,४०० रुपयांची मदत तिला येते. समोर हातात महिना १०,००० रुपये देणारे काम आहे, म्हणजे वर्षाला १,२०,०००. जाण्यायेण्याला रोज ४० रुपये आणि महिन्याचे २६ दिवस धरले तर वर्षाला १२,४८० रुपये जातात. मदत पूर्ण बंद झाली असे धरूनही तिच्या हाती ८१,१२० रुपये उरतात. आता पहिल्या पायरीतल्या कागदावर तिची वर्षभराची शेतमजुरी किती भरली ते पाहावे. ती या आकड्यापेक्षा बरीच कमी असेल तर नोकरी घेण्यात अर्थ आहे. फरक थोडाच असेल, तर गावाबाहेर जाण्याचा त्रास आणि मुलांची आबाळ सोसून ते काम का करावे, हा तिचा प्रश्न रास्त ठरतो आणि आपण तो मान्य केला पाहिजे. सासूचे श्रावणबाळचे मानधन चालू असेल तर तेही याच हिशेबात धरावे.

उत्पन्न लपवण्याचा किंवा कागदोपत्री घर वेगळे दाखवण्याचा सल्ला कधीही देऊ नये. पुढे वसुली निघाली तर ती त्या बाईकडून होते, सल्ला देणाऱ्याकडून होत नाही.

तिसरी पायरी: कागदपत्रे

या पायरीला वेळ लागतो, म्हणून ती पहिल्या पायरीबरोबरच सुरू करावी. आधार, बँकेचे पासबुक, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, अधिवास आणि उत्पन्नाचा दाखला ही मूळ शिदोरी. लग्नानंतर नाव बदललेल्या महिलांच्या बाबतीत शाळेच्या दाखल्यावर माहेरचे नाव, आधारवर सासरचे आणि पासबुकात तिसरेच शुद्धलेखन, असे सर्रास आढळते. भविष्यनिर्वाह निधीचे खाते उघडताना हीच तफावत आडवी येते आणि पुढे पैसे अडकतात. म्हणून सगळी कागदपत्रे ओळीने मांडून नाव, जन्मतारीख आणि वडिलांचे किंवा पतीचे नाव अक्षर न् अक्षर जुळवून पाहावे आणि दुरुस्ती नोकरी लागण्याआधी करावी. खाते आधारशी जोडलेले आहे का आणि मदतीची रक्कम नेमकी कोणत्या खात्यात जमा होते, हे बँकेत विचारून घ्यावे.

दाखल्यासाठी आपले सरकार सेवा केंद्रात अर्ज केला की पावती घ्यावीच. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ मुळे अधिसूचित सेवा ठरावीक मुदतीत देणे बंधनकारक आहे, आणि मुदत टळली तर अपील करता येते. पावती नसेल तर अपिलाला आधार राहत नाही.

घरातील कोणी बांधकामावर जात असेल, तर वर्षभरात ९० दिवस काम केल्याचा दाखला घेऊन बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे त्याची नोंदणी करून घ्यावी. मुलांच्या शिक्षणाला मिळणारे साहाय्य एवढ्या एका कारणासाठीही ही नोंदणी मोलाची आहे.

चौथी पायरी: कर्जाची गाठ सैल करणे

ज्या घरावर तीन-चार कंपन्यांचे आठवडी हप्ते आहेत, त्या घरातल्या माणसाला मासिक पगाराची नोकरी टिकवणे फार अवघड जाते, कारण हप्ता दर आठवड्याला येतो आणि पगार महिन्याने. अशा वेळी बाई दुसऱ्या कंपनीच्या गटातून कर्ज काढून पहिल्या गटाचा हप्ता भरते आणि कर्ज वाढत जाते.

दिनदर्शिकेवरचे हप्ते पहिल्या कागदावर उतरवून घ्यावेत, कोणते कर्ज सर्वांत महाग आहे ते शोधावे आणि गावातील बचत गट किंवा ग्रामसंघ समुदाय गुंतवणूक निधीतून (गटांना कर्ज देण्यासाठी अभियानातून मिळालेल्या निधीतून) ते एक कर्ज फेडण्यापुरती रक्कम देऊ शकतो का, याची चर्चा गटाच्या बैठकीत उघडपणे करावी. गटाच्या सभेत पाचसहा बायकांसमोर ठरलेली परतफेड सहसा पाळली जाते. नवे मोठे कर्ज काढून व्यवसाय सुरू करण्याची कल्पना मात्र या टप्प्यावर बाजूला ठेवावी. ठेकेदाराकडून किंवा वीटभट्टीवाल्याकडून उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, घेण्याचा मोह या काळात सर्वांत जास्त असतो. उचल घेतलेला माणूस पुढच्या हंगामात स्वतःच्या मर्जीने काम निवडू शकत नाही, हे त्याला पुन्हा पुन्हा सांगत राहावे.

पाचवी पायरी: काम निवडणे

येथे घाई सर्वांत जास्त होते, कारण वरून लक्ष्य आलेले असते. लक्ष्याच्या आकड्यासाठी माणूस चुकीच्या ठिकाणी बसवला तर तो परत येतो, आणि पुढच्या वेळी आपल्याला दारात उभे करत नाही.

पगारी कामाच्या शक्यता म्हणजे बुटीबोरी आणि हिंगणा येथील कारखाने, अमरावतीजवळ नांदगाव पेठचा वस्त्रोद्योग, देवळी आणि चंद्रपूर परिसरातील उद्योग, शहरांतील रुग्णालये, दुकाने आणि सुरक्षा सेवा. जिनिंग-प्रेसिंगचे काम गावाजवळ मिळते आणि पैसाही बरा देते, पण ते कापसाच्या हंगामापुरते असते. त्याला स्थिर काम समजू नये. मात्र वेळेवर हजर राहणे, पाळीत काम करणे आणि पगार खात्यात घेणे यांची सवय लावणारी पायरी म्हणून ते चांगले आहे. गावातच राहणे भाग असलेल्या महिलांसाठी अंगणवाडी मदतनीस, आशा, शालेय पोषण आहार किंवा बँक सखी अशी मानधनाची कामे असतात. तिथे जागा क्वचितच निघतात, पण जाहिरात आली तर अर्ज करायला कागदपत्रे तयार असावीत.

तरुण मुलामुलींसाठी तालुक्याच्या शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील वीजतंत्री, जोडारी, संधाता असे अभ्यासक्रम मला सर्वांत भरवशाचे वाटतात, कारण त्या हुन्नरावर माणूस कारखान्यातही टिकतो आणि गावात परतला तरी उपाशी राहत नाही. दीनदयाल उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजनेतून १५ ते ३५ वयोगटाला मोफत प्रशिक्षण मिळते. पाठवण्यापूर्वी मागच्या तुकडीतली मुले कुठे कामाला लागली, त्यांना हातात किती पगार मिळतो आणि सहा महिन्यांनी किती जण तिथेच आहेत, हे तीन प्रश्न केंद्राला विचारावेत. शक्य असेल तर त्या तुकडीतल्या एखाद्या मुलीशी तिच्या आईसमोर फोनवर बोलणे करून द्यावे. आईचा विश्वास बसल्याशिवाय मुलगी नागपूरला जात नाही, आणि गेली तरी पहिल्या सणाला परत येते.

स्वयंरोजगाराबद्दल मला थोडे अधिक सांगायचे आहे, कारण शेळ्या, शिलाई मशीन आणि पापड या तीन गोष्टी सर्वांना सरसकट वाटण्याची पद्धत रूढ झाली आहे. ज्या घराला शेतीच्या पैशाचा आधार आहे, बाजारात बसण्याचा अनुभव आहे आणि एक नुकसान सोसण्याची ताकद आहे, त्या घरात छोटी डाळमिल, मसाला कांडप किंवा दूध उभे राहते. जिल्ह्याच्या आरसेटीमध्ये (ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत) मोफत निवासी प्रशिक्षण मिळते, अन्नप्रक्रियेसाठी सूक्ष्म उद्योग योजनेत ३५ टक्के अनुदान आहे आणि जिल्हा उद्योग केंद्रातून मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमाचा अर्ज करता येतो. सर्वांत गरीब घराला मात्र कर्ज काढून व्यवसायात उतरवू नये. शेळ्या द्यायच्या असतील तर लसीकरण, विमा आणि उन्हाळ्यातला चारा यांची सोय आधी करावी. अतिगरीब घरांना साधन, प्रशिक्षण आणि घरभेटी देण्याच्या बांगलादेशातील ब्रॅक या संस्थेच्या पद्धतीची सहा देशांत तपासणी झाली, तिचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात होंडुरासमध्ये ज्यांनी कोंबड्या निवडल्या, त्यांच्यातल्या बहुतेकांच्या कोंबड्या रोगाने मेल्या आणि मालमत्तेत वाढ झाली नाही. आपल्या गावांतही एक रोगाची साथ तीच अवस्था आणू शकते.

गडचिरोलीत आणि जंगलालगतच्या गावांत पगारी नोकरी हाच एक मार्ग समजू नये. मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले आणि पुढे गावाने स्वतः बांबू विकला. अनेक ग्रामसभा आता तेंदूपत्त्याचा व्यवहारही स्वतः करतात. अशा ठिकाणी ग्रामसभेचा कारभार, हिशेब आणि लिलावाची समज वाढवणे हेच रोजगाराचे काम आहे.

सहावी पायरी: रुजू होण्यापासून पहिल्या पगारापर्यंत

समजा, बाई महिन्याच्या ३ तारखेला रुजू झाली. पगार पुढच्या महिन्याच्या ७ ते १० तारखेला होतो. म्हणजे सुमारे ३५ दिवस तिच्या हातात पैसा येणार नाही, आणि आजवर तिला आठवडी बाजाराच्या दिवशी मजुरी मिळत होती. त्यातच रोज बसभाडे, नवी चप्पल, डबा आणि कधी गणवेश किंवा वैद्यकीय तपासणीचा खर्च येतो. ‘ताई, काम चांगलं आहे, पण महिनाभर बाजार कशानं करू?’ या प्रश्नाचे उत्तर आपल्याजवळ तयार नसेल, तर ती दुसऱ्या आठवड्यात निंदणाला जाईल आणि ते योग्यच असेल.

म्हणून रुजू होण्यापूर्वी बचत गटातून सहा आठवड्यांच्या किराणा-भाड्याएवढे छोटे कर्ज मंजूर करून घ्यावे आणि त्याची परतफेड पहिल्या पगारापासून न ठेवता दुसऱ्या पगारापासून ठेवावी. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट आहे. पण पाळीच्या वेळेला बस आहे का, हे आगारात विचारण्याऐवजी एकदा तिच्यासोबत त्याच वेळेला प्रत्यक्ष प्रवास करून पाहावे. संध्याकाळची बस चुकली तर घरी येण्याचा दुसरा मार्ग कोणता, हेही ठरवून ठेवावे. फाट्यापासून गावापर्यंतचे अंधारातले अंतर हेच अनेक मुलींच्या नोकरी सोडण्याचे खरे कारण असते, आणि ते कोणत्याही अर्जात लिहिलेले नसते.

लहान मूल कोणाजवळ राहणार, अंगणवाडी सुटल्यानंतर कोण पाहणार, सासू आजारी पडली तर पर्याय काय, हे नवरा आणि सासू यांच्यासमोर बोलून ठरवावे. हे बोलणे सुनेने एकटीने करायचे नसते. आपण त्यासाठीच असतो. कुटुंबातला एखादा सदस्य कामाच्या गावी राहणार असेल, तर त्याच शिधापत्रिकेवर तिथल्या दुकानातून आपल्या वाट्याचे धान्य घेता येते, हेही सांगून ठेवावे.

सातवी पायरी: पहिले वर्ष

पहिल्या महिन्यात दर आठवड्याला, मग महिन्यातून दोनदा आणि पुढे महिन्यातून एकदा घरी जावे. ब्रॅकच्या ज्या कार्यक्रमाचा वर उल्लेख केला, त्यात साधन, काही काळ निर्वाह भत्ता, प्रशिक्षण आणि बचत यांच्याबरोबर नियमित घरभेट हा मुख्य भाग होता, आणि सहापैकी बहुतेक देशांत मदत थांबल्यानंतर वर्षभरानेही कुटुंबांची सुधारणा टिकून असल्याचे दिसले. घरभेटीला वेळ नाही असे म्हणणाऱ्या संस्थेने कमी कुटुंबे घ्यावीत, पण भेटी कमी करू नयेत.

पहिला पगार आला की पगारपत्रक सोबत बसून वाचावे. भविष्यनिर्वाह निधीची कपात दिसते का, खातेक्रमांक मिळाला का, आणि २१,००० रुपयांपर्यंत पगार असेल तर कर्मचारी राज्य विम्याची ०.७५ टक्के कपात होऊन विमा क्रमांक मिळाला का, हे पाहावे. ठेकेदारामार्फत लागलेल्या माणसाची कपात होते पण भरणा होत नाही, असे आढळले तर तक्रार सामूहिकरीत्या करावी. एकट्याला पुढे करू नये. निधीचे पैसे पहिल्याच अडचणीत काढून घेण्याची घाई नको, आणि काम बदलले तरी तोच खातेक्रमांक पुढे न्यायचा असतो, हे लिहून द्यावे.

घरी थोडी शेती असेल तर मृगात पेरणीला सुट्टी लागणारच. ती अचानक न घेता महिनाभर आधी पर्यवेक्षकाला सांगण्याची सवय लावावी. वैशाखातली लग्ने आणि पोळा यांनाही हेच लागू आहे. आठ दिवस न सांगता गैरहजर राहिल्याने गेलेल्या नोकऱ्यांची संख्या मोठी आहे, आणि त्यातल्या बऱ्याच एका फोनने वाचल्या असत्या. तो फोन करायला संकोच वाटतो, म्हणून पहिल्या वेळी तिच्या शेजारी बसून फोन करून घ्यावा.

काम सुटून कोणी परत आले तर त्याला दोष देऊ नये. रोजगार हमीच्या कामाची लेखी मागणी करून तारखेची पोच घ्यावी आणि घरातला धान्याचा प्रवाह थांबू देऊ नये. कायद्याने काम मागितल्यापासून १५ दिवसांत ते मिळायला हवे, आणि ही हमी महाराष्ट्राने १९७७ च्या कायद्याने देशात सर्वांत आधी दिलेली आहे. म्हणून नोकरी लागली तरी रोजगार हमीची नोंदणी रद्द करू नये. परत आलेला माणूस काही महिन्यांनी पुन्हा निघतो तेव्हा त्याला बस, पाळी आणि पगारपत्रक माहीत असते, आणि दुसरी नोकरी पहिलीपेक्षा जास्त टिकते, असा माझा अनुभव आहे.

मदत केव्हा सोडावी

नोकरीत एक पूर्ण वर्ष गेले आहे आणि त्यात एक पावसाळा आला आहे, घरात किमान एका महिन्याच्या खर्चाएवढी बचत आहे, महागडे कर्ज फिटले आहे आणि त्या वर्षात नवे काढावे लागलेले नाही, या अवस्थेला पोहोचलेल्या कुटुंबाशी मदत सोडण्याचे बोलणे सुरू करावे. त्याआधी नियमानेच एखादी योजना बंद झाली तर इलाज नाही, पण आपण होऊन कोणाला मदत सोडायला लावू नये. सोडतानाही क्रम असावा. ज्या मदतीचा घरखर्चात सर्वांत कमी वाटा आहे ती आधी आणि धान्य सर्वांत शेवटी. नवा उत्पन्नाचा दाखला काढताना तलाठ्याला पगारपत्रक दाखवावे आणि खरी रक्कम लिहून घ्यावी.

त्यानंतरच्या मृगात त्या घरी पुन्हा एकदा जावे, पहिला कागद काढायला सांगावा आणि त्याच्या शेजारी नवे बारा रकाने आखावेत. घरात बारावीला गेलेली मुलगी असेल तर ती ते रकाने स्वतः भरेल. तिच्या पुढच्या शिक्षणाचा खर्च कोणत्या महिन्यात येतो आणि तो कशातून भागवायचा, याचे बोलणे त्याच दिवशी सुरू करावे. शिष्यवृत्तीच्या अर्जाला जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला पुन्हा लागणार आहे, तर त्या अर्जांच्या पावत्याही घरातल्या कागदपत्रांच्या पिशवीत ठेवायला सांगाव्यात.